रंग लागलेली पोर

हर्सूलचा तुरुंग मागं पडला आणि फुलंब्रीच्या रस्त्यावरची वर्दळ जरा विरळ झाली, की डाव्या हाताला एक निळं फाटक लागतं. आत कडुलिंबाची झाडं, दोन बैठ्या इमारती, एक छोटं प्रार्थनाघर आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर. एका ख्रिस्ती ट्रस्टचं हे बालगृह. तिथल्या स्वयंपाकघरात मनकर्णाबाई कामाला आहे. कागदावर ती स्वयंपाकीण, वागण्यात मालकीण. तिच्या राज्यात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात, मग ती काम विचारते, आणि काम पटलं नाही तर तोंडावर सांगते. बालगृह चालवणाऱ्या रत्नमालाताई एकदा हौसेनं भाकरी थापायला बसल्या, तर तिनं त्यांच्या हातातला गोळा काढून घेतला. "ताई, तुम्ही प्रार्थना करा. पोरांना जेवायचंय," म्हणाली.

अशी बाई कुणाला घाबरेल असं वाटत नाही. पण गेल्या हिवाळ्यात ती घाबरली, आणि त्या भीतीत तिच्या हातून जे झालं ते तिनं स्वतःच पुढं सगळ्यांना सांगितलं. आपण काही चोरून ऐकलेलं नाही.

मनकर्णाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. चालायला शिकली ती कळपामागं, आणि लग्न होऊन गेली तीही कळपामागंच. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, गोदाकाठाकडं उतरायचं, कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, त्याच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. तिची तीन बाळंतपणं अशी वाटेतच झाली, त्यातला एकटा मल्हारी जगला. नवरा गेल्यावर गुडघ्यांनी दगा दिला. चालता येत नाही तर बिऱ्हाडात बसून खायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. मग कुणीतरी या बालगृहाचं सांगितलं. इथं तिला काम मिळालं, आणि मल्हारीच्या तीन मुलींतली मधली, संस्कृती, तिला शाळेसाठी इथंच ठेवून घेतली. पोर शाळेत जाईल, आजी नजरेसमोर असेल, मल्हारी आणि सून मेंढरांमागं मोकळे. सगळ्यांचंच बरं झालं. मनकर्णाबाईनं चुलीमागच्या कोनाड्यात बिरोबाचा टाक ठेवला, रत्नमालाताईंनी तो पाहिला, आणि दोघींनीही त्यावर कधी एक शब्द काढला नाही.

संस्कृती दिसायला गोड, पण अंगानं काटकुळी. फाटकापासून प्रार्थनाघरापर्यंत चालली तरी मध्येच उकिडवी बसायची. आजी हसायची. "ही बघा आमची महाराणी. मेंढपाळाची पोर आन चार पावलांत बसकण मारती," असं ती चारचौघांत सांगायची. पोरही हसायची, दम लागलेला असला की जरा वेळानं हसायची.

हिवाळ्यात बालगृहात पाहुणे येतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या चर्चची ही मंडळी, रजा काढून, पदरचा खर्च करून, सेवा करायला येतात. माणसं चांगली असतात याबद्दल वाद नाही. पण ती आली की भिंत रंगवतात. एका साली आलेल्यांनी भोजनगृहाची भिंत रंगवली, त्याआधीच्यांनीही तीच रंगवली होती, आणि गेल्या हिवाळ्यात आलेल्यांनीही ब्रश हातात घेऊन तीच भिंत गाठली. चांगल्या भिंतीला इतका रंग कशाला, हे विचारायची सोय नसते. रत्नमालाताई म्हणायच्या, "अहो, त्यांना काहीतरी हातानं करायचं असतं." मनकर्णाबाई म्हणाली, "मग भांडी घासा म्हणावं." तिचं म्हणणं भाषांतर करून पाहुण्यांपर्यंत पोचवलं गेलं नाही.

भाषांतराला मोनाली होती. शहरातल्या उस्मानपुऱ्यातली, कॉलेजात शिकणारी, चर्चमधली मुलगी. पाहुण्यांसाठी तेवढ्या दिवसांपुरती यायची. इंग्रजी फाडफाड, मराठी गोड, पण मुलांची नावं तिला अजून पाठ नव्हती. मुलं तिला ताई म्हणत आणि ती सगळ्यांना "बाळा" म्हणून वेळ मारून नेत होती.

त्या साली पाहुण्यांनी भिंतीसोबत मुलांची तपासणीही काढली. शहरातले हृदयाचे एक डॉक्टर, दातांचे एक डॉक्टर, आणि मदतीला पाहुण्यांमधल्या दोन-तीन नर्सबाया. प्रार्थनाघरातल्या सतरंज्या उचलून टेबलं मांडली. मनकर्णाबाईला चहा घेऊन तिकडं जावं लागलं, म्हणून तिनं ते पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

मेंढरांचा व्यापारी बिऱ्हाडावर येतो तेव्हा काय करतो, ते तिला जन्मापासून माहीत होतं. तो आधी कोकराच्या ओठात बोट घालून दात बघतो. मग पाठीवरून हात फिरवत कमरेवर दाबून मांस अजमावतो. पोटाखाली हात घालून उचलतो, वजन ताडतो. बोलत काही नाही. आणि जी पसंत पडतात त्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. एकदा रंग लागला की सौदा झाला, मग घरधन्याला मागं फिरता येत नाही. मेंढरांच्या माणसांत शब्द मोडला जाईल, पण रंग मोडला जात नाही. आणि रंग लागलेल्या कोकराला घरातल्या बायका नावानं हाक मारायचं बंद करतात. ती रीतच आहे. हाक मारली की जीव गुंततो, आणि सकाळी टेम्पो येणार असतो.

प्रार्थनाघरात पोरांची रांग लागली होती. एक जण ओठ बाजूला करून दात बघत होता. पुढं एक उंच, पिकल्या केसांची गोरी बाई पोरांच्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवत होती. पुढं वजनकाटा. त्याच्या पुढं शहरातले डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते. आणि शेवटच्या टेबलावर रंगीत रिबनी. बहुतेकांच्या मनगटाला पांढरी, काहींच्या हिरवी. तांबडी अगदी थोड्यांना. संस्कृतीची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी नळी पुन्हा पुन्हा लावली, त्या उंच बाईलाही ऐकायला दिली, दोघं आपसात बोलले, आणि संस्कृतीच्या मनगटावर तांबडी रिबन बांधली गेली.

मनकर्णाबाईच्या हातातला ट्रे कलला. कप सांभाळले, पण चहा सांडला.

तुम्ही-आम्ही म्हणू, विचारायचं ना सरळ. समोर मोनाली उभी आहे, ताई आहेत, तोंड आहे. पण तिला विचारवेना, त्याला कारण होतं. आदल्या साली बालगृहातला एक लहान मुलगा परदेशी गेला होता. एका जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं होतं. कोर्ट, सरकार, सगळे सोपस्कार होऊन, किती तरी काळ वाट बघून. मनकर्णाबाईला त्यातलं काही दिसलेलं नव्हतं. तिला दिसलं ते इतकंच, की एक गोरं जोडपं आलं, पोराला पोटाशी धरून रडलं आणि गाडीत घालून घेऊन गेलं. त्याची ताटली मांडणीवर तशीच राहिली. त्या पोराला कुणी नव्हतं. संस्कृतीला बाप होता. पण भीती होती ती त्याच बापाची.

मल्हारी आठवड्याआधी येऊन गेला होता. नेहमी आईकडं आधी यायचा, त्या वेळी सरळ रत्नमालाताईंच्या खोलीत गेला. दार लोटून घेतलं. बाहेर आला तो डोळे लाल करून. "काय रं?" म्हणून तिनं विचारलं, तर "काय नाय आये, शाळेचं," म्हणाला आणि चहा न घेता गेला. आणि हाच मल्हारी तिसऱ्या मुलीच्या वेळी, दुष्काळात मेंढरं मरत होती तेव्हा, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तीन-तीन पोरी. कुणी एक घेऊन गेलं तर पाया पडीन त्याच्या." रागात माणूस काहीही बोलतो हे तिला माहीत होतं. पण आता रंग लागला होता. म्हणजे घरधन्यानं होकार दिला होता. विचारायला जावं तर तेच कानांनी ऐकावं लागणार, आणि एकदा ऐकलं की मग काहीच हातात राहणार नाही. म्हणून ती गप्प बसली. 

संध्याकाळी ती उंच बाई लिंबाखाली संस्कृतीला मांडीवर घेऊन बसली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून काहीबाही पुटपुटत होती, आणि मग तिनं डोळे पुसले. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. जेवायला हाक मारायची वेळ झाली होती. तिनं सगळ्या पोरांना हाका मारल्या. संस्कृतीचं नाव तोंडातून निघेना. आपण तिला रंग लागलेली मानून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं.

भाजी वाढून घेताना मोनाली सहज म्हणाली, "आज्जी, उद्या सकाळी गाडी येईल. तांबड्या रिबनवाल्यांना शहरात न्यायचंय. त्यांना जरा लवकर तयार करा हं."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली. परत कधी आणणार, एवढे तीन शब्द विचारले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्या दिवशी तिनं दोन्हीकडं अर्ज केले. बिरोबाला नवस बोलली, आणि प्रार्थनेला सगळे बसले तेव्हा कधी नव्हे ती मागं जाऊन बसली. "तुझी माणसं हायत ही, तूच आवर त्यांला," असं तिनं येशूला मनातल्या मनात सांगितलं. मल्हारीला फोन लावून पाहिला, तो लागला नाही. लागला नाही याचं तिला बरंच वाटलं.

सकाळी ती मुलींच्या वेण्या घालायला बसली. संस्कृतीच्या शेजारी झोपायची ती योगिनी. त्याच वयाची, त्याच उंचीची, तशीच सावळी. तिला कोणी नव्हतं. अगदी लहानपणी बसस्टँडवर सापडलेली पोर. आई कोण, गाव कुठलं, काही ठाऊक नाही. तोंडाची गप्प, सांगितलेलं ऐकणारी. मनकर्णाबाईनं तिची वेणी घातली, आणि घालता घालता तिच्या मनात ते आलं. ते येताच तिला स्वतःची किळस आली, पण हात थांबले नाहीत.

मेंढरांत असं कधी कधी करतात. लाडकं कोकरू रंगलं असेल तर बाई पहाटे उठून त्याचा रंग धुते आणि दुसऱ्याच्या पाठीवर ओढते. व्यापाऱ्याला मोजदाद बरोबर लागते. त्या दुसऱ्या कोकराचं काय, हे कुणी विचारत नाही.

"योगे, इकडं बघ," ती हळू म्हणाली. "तुला गाडीत बसून जायचंय."

"कुठं?"

"तिकडं. लई चांगलं असतंय. खायला-प्यायला, कापडं, सगळं." "आईबाप बी भेटतेल. तुझं नशीब निघंल बघ."

योगिनीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. "खरं?"

"व्हय. पण नाव सांगायचं नाय. संस्कृती म्हणून हाक मारली तर मान हलवायची. बोलायचं कायच नाय. बोललीस तर नेणार नायत."

योगिनीनं मान हलवली. मनकर्णाबाईनं संस्कृतीच्या हातावरची तांबडी रिबन सोडून योगिनीच्या हाताला बांधली, आणि योगिनीची पांढरी संस्कृतीच्या. गाठ मारताना स्वतःला समजावत होती, की वाईट काय आहे त्यात? या पोरीला कुणी नाही, तिला घर मिळेल. माझ्या पोरीला घर आहे. हिशोब बरोबर आहे. तो बरोबर आहे असं तिनं मनात इतक्यांदा म्हटलं, की तो चुकलाय हे तिला तेव्हाच कळलं असणार.

मग तिनं संस्कृतीला धान्याच्या कोठीत नेलं. पोत्यांच्या मागं बसवलं. "मी म्हणत नाय तवर बाहेर यायचं नाय. खोकायचं बी नाय," म्हणाली आणि बाहेरून कडी लावली.

गाडी आली. रत्नमालाताई पाहुण्यांच्या कागदपत्रांसाठी सकाळीच शहरातल्या कचेरीत गेल्या होत्या, आणि चालक सत्यम हा भाड्याच्या गाडीवरचा, त्याला सगळी पोरं सारखीच. पाहुणे अजून मुक्कामावरून यायचे होते. तांबड्या रिबनींची बाकीची पोरं अगदी लहान, ती खिडकीसाठी भांडत होती. मोनालीनं नावं पुकारली. "संस्कृती बाळा?" योगिनीनं मान हलवली. हातात तिनं एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. मोनालीला वाटलं, पोरीनं खाऊ घेतलाय. गाडी फाटकाबाहेर वळली. योगिनी मागच्या काचेतून मनकर्णाबाईकडं बघत राहिली, आणि मनकर्णाबाई चुलीकडं वळली.

कोठी उघडली तेव्हा संस्कृती पोत्याला टेकून बसली होती. धान्याच्या धुळीनं तिला दम लागला होता. आजीनं उचलून बाहेर आणली, पाणी पाजलं. "झालं हां, आता कोण नेत नाय," असं म्हणत पाठीवरून हात फिरवला. पण दम बसेना. पोर उकिडवी बसून गुडघे पोटाशी घेत होती. आजीला वाटलं, घाबरली असेल. मीच घाबरलेय तर पोर घाबरणारच.

दिवस जाता जाईना. फाटकाशी कुठलंही वाहन थांबलं की ती दारातून डोकावून यायची. ताई परत आल्या आणि पोरगी दिसली तर? म्हणून संस्कृतीला तिनं स्वयंपाकघरातच चटईवर निजवून ठेवलं, अंगावर घोंगडी घातली. पाहुणे बाहेर भिंत रंगवत गाणी म्हणत होते.

दुपार कलल्यावर फोन वाजला. मल्हारी होता. वारा होता, मेंढरं ओरडत होती, शब्द तुटत होते.

"आये, नेलं का पोरीला?"

तिचा संताप उसळला. भीतीचा संताप फार वाईट असतो. "लाज नाय वाटत तुला? पोटची पोर दिलीस व्हय? जनावर बी असं करत नाय रं."

 मग तो म्हणाला, "काय बोलतीस तू? कुणाला दिली?"

"त्या गोऱ्यांना. तांबडी रिबन बांधली तिला. सकाळी गाडी आली न्यायला."

"आये," मल्हारीचा आवाज एकदम बारीक झाला. "आगं, ती दवाखान्यात न्यायला आली. पोरीच्या छातीत दोष असंल म्हणून. तिला दम लागतोय, ओठ काळेनिळे पडत्येत. मागल्या बारीला आलो तवा म्या बघितलं. लहान असताना माझ्या भावाचं... तुझ्या पहिल्या लेकराचं असंच झालं न्हवतं का? तूच एकदा सांगितलेलं. म्हणून म्या मॅडमला हात जोडले. मोठ्या मशीनवर तपासून घ्या म्हणलं. तुला सांगितलं नाय, तू जीवाला लावून घेशील म्हणून. मॅडमनी कळवलं आज नेणार म्हणून. काय म्हणले डॉक्टर?"

मनकर्णाबाईनं चटईकडं पाहिलं. संस्कृती जागी होती आणि तिच्याकडं बघत होती. तिचे ओठ जांभळे होते. ते कायम तसेच होते. आजी रोज त्या ओठांना घास भरवत होती, आणि थंडीनं झालं म्हणून तेल लावत होती. तिचं पहिलं लेकरूही असंच उकिडवं बसायचं. गोदाकाठच्या वाटेवर एका रानात ते बसलं ते पुन्हा उठलं नाही. इतकी वर्षं तिनं ते आठवायचं नाकारलं होतं, आणि म्हणूनच समोरचं दिसत असूनही तिला दिसलं नव्हतं.

"आये? ऐकू येतंय का?"

तिनं फोन ठेवून दिला. सकाळपर्यंत तिला भीती होती की पोर दूर जाईल. आता ज्या भीतीनं तिला धरलं तिच्यापुढं ती काहीच नव्हती. दूर गेलेली पोर निदान जिवंत असते.

गाडी परतली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. त्याच सुमारास रत्नमालाताईही आल्या होत्या. मोनाली हसत उतरली आणि इंग्रजीत ओरडून पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ती उंच बाई आकाशाकडं हात करून रडायलाच लागली. मग मोनाली मराठीत ताईंना म्हणाली, "संस्कृतीचं हृदय अगदी ठणठणीत आहे. मशीनवर सगळं बघितलं. तिथले डॉक्टर दुसरे होते. ते म्हणाले, काल ऐकण्यात चूक झाली असेल, आता तिला पुन्हा आणायची गरज नाही. तिच्या वडिलांना कळवा, काळजी मिटली म्हणून."

सगळे खूश होते. मनकर्णाबाई दारात उभी होती, आणि तिला कळत होतं की आपण आता गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही. नोकरी राहील, अब्रू राहील. आणि पोरीचं नाव निरोगी म्हणून नोंदलं गेलं ते गेलंच.  फाटकापर्यंतचं ते अंतर तिला गोदाकाठापेक्षा लांब वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "ती संस्कृती न्हवं. ही योगिनी हाय. रिबन म्या बदलली."

मोनालीचा चेहरा उतरला. रत्नमालाताईंना आधी समजलंच नाही, मग समजलं तेव्हा त्यांनी लिंबाच्या खोडाला हात टेकला. मनकर्णाबाईनं सगळं सांगितलं. व्यापारी, दात, पाठ, रंग. मोनाली ते पाहुण्यांना इंग्रजीतून सांगत गेली आणि सांगता सांगता अडखळली. त्या उंच बाईनं तोंडावर हात धरला. पोरांच्या पाठीवरून आपला हात कसा फिरत होता, ते बहुधा तिला तेव्हा दिसलं.

ताईंनी एकच विचारलं. "पण योगिनीच का?"

योगिनी गाडीच्या दाराशी उभी होती. मनकर्णाबाईला खोटं सुचत होतं, पण खोट्याचं काय होतं ते तिनं दिवसभर पाहिलं होतं. "तिच्यामागं रडाया कुणी नाय म्हणून," ती म्हणाली.

योगिनीनं ते ऐकलं. तिच्या हातातली पिशवी मोनालीनं घेऊन उघडून पाहिली. आत तिचा नाताळचा फ्रॉक घडी करून ठेवलेला, रविवारच्या शाळेत मिळालेलं रंगीत चित्र, आणि अर्धी साबणाची वडी. "दिवसभर दाराकडं बघत होती," मोनाली म्हणाली. "कोणी आलं की उठून उभी राहायची. मला वाटलं, दवाखान्याला घाबरलीये."

त्याच पावली सत्यमनं गाडी पुन्हा वळवली. संस्कृतीला मांडीवर घेऊन मनकर्णाबाई शहरात गेली. हृदयाला भोक होतं, आणि डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालणार नाही. पुढं ऑपरेशन झालं. मल्हारी मेंढरं भावकीकडं सोपवून आला आणि दवाखान्याच्या जिन्यात आईच्या शेजारी बसला. तो तिला एक शब्द वेडावाकडा बोलला नाही. बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराकडं बघताना ती भीतीनं इतकी आक्रसली होती, की मल्हारीनं तिची मूठ उघडून हातात घेतली तेव्हा तळव्याला नखं रुतलेली होती.

पोर वाचली. आता पळते, ओरडते, मार खाते. ताईंनी मनकर्णाबाईला कामावरून काढलं नाही. पण पुढचे काही दिवस त्या तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या, आणि तिनंही त्यांच्याकडून त्याहून जास्त मागितलं नाही.

योगिनी मात्र पूर्वीसारखीच होती. त्यानंच मनकर्णाबाईचा जीव टांगणीला लागला होता. पोरगी रुसली नाही, रडली नाही, तक्रार केली नाही. एके दुपारी ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलायला येऊन बसली.

"आज्जी," ती म्हणाली, "पाहुणे परत येतेल का?"

"येतेल की. पुढल्या साली."

"मला न्यायला?"

मनकर्णाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. "नाय पोरी. कुणीच न्यायला येणार न्हवतं. आईबाप भेटतेल म्हणले ते खोटं होतं. माझी पोर वाचावी म्हणून म्या तुला पुढं केलं. मला माफ कर म्हणायचं बी तोंड नाय मला."

योगिनीनं आणखी एक शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "मशीनवर झोपवलं तेव्हाच. ते छातीला थंड थंड लावत होते, आणि सारखं संस्कृती, संस्कृती म्हणत होते. कोणी आईबाबा नव्हतेच तिथं."

"मग तवाच बोलली का नाय तू? सांगायचं ना, मी योगिनी म्हणून."

योगिनीला तो प्रश्नच नवलाचा वाटला. "तूच म्हणली होतीस ना," ती म्हणाली, "नाव सांगायचं नाय."

मनकर्णाबाईला पुढं शेंगा दिसेनात. नात मरणाच्या दारातून परत आली तेव्हा ती रडली नव्हती, ती तिथं रडली. इतक्या माणसांत एका पोरीनं तिचा शब्द शेवटपर्यंत पाळला होता, आणि तो शब्द संस्कृतीच्या जिवावर उठला होता. तेव्हापासून योगिनीला साधं पाणी आण म्हणायचं झालं तरी मनकर्णाबाई आधी थांबते, दोनदा विचार करते, आणि मगच तोंड उघडते.